सहा अँपिअरवरचा हिवाळा

मोटरहोममधल्या हिवाळ्याबद्दल विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हीटर कोणता घेऊ? त्याआधी बघायला हवं ते कॅम्पसाइटवर वीज देणाऱ्या खांबावरचं. तिथं किती अँपिअर मिळतात? ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी १० किंवा १६. समुद्र ओलांडून फ्रान्समध्ये उतरलात की ६ सर्रास दिसतात, जुन्या साइटवर त्याहूनही कमी. २३० व्होल्टने गुणायचं. १६ अँपिअर म्हणजे ३६८० वॅट, १० म्हणजे २३००, आणि ६ म्हणजे १३८०. एवढ्यात सगळा संसार.

हीटर लावायच्या आधीच त्यातले काही वॅट गेलेले असतात. गॅस-वीज दोन्हीवर चालणारा फ्रिज विजेवर साधारण १५० वॅट खातो, बॅटरीचा चार्जर भरात असेल तर २०० ते ३००. पाणी तापवायचा बॉयलर विजेवर असेल तर तो ८००-९०० वॅटचा. म्हणजे ६ अँपिअरवर बॉयलर आणि ५०० वॅटचा हीटर एकत्र चालवणं संपलं. त्यात कोणी घरची २००० वॅटची किटली लावली तर बटण पडतंच. खांबावरचा ब्रेकर, म्हणजे हेच बटण, थोड्या जादा लोडला लगेच पडत नाही, तासभरही तग धरतो; दुप्पट लोडला मात्र फार थांबत नाही. म्हणून संध्याकाळी सगळं सुरळीत वाटतं आणि रात्री दोनला अंधार होतो. तो खांब बऱ्याचदा कुलूपबंद असतो, आणि किल्ली असलेला माणूस सकाळी आठला येतो. किटली ७५० वॅटची घ्या आणि ती चालू असताना हीटर बंद ठेवा. चहाला तीन-चार मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

आता हीटर. सहा मीटरच्या गाडीला २००० वॅटचा पंखेवाला हीटर नको. ५०० आणि १००० अशा दोन पायऱ्या असलेला पुरतो. दिवसा झटपट ऊब हवी तर सिरॅमिक पंखेवाला. रात्रभरासाठी ५०० ते ८०० वॅटचा छोटा तेलाचा रेडिएटर: आवाज नाही, उघडी लाल तार नाही. कलंडला तर आपोआप बंद होणारा स्विच आहे का, ते दुकानातच हीटर आडवा करून बघा. पडदे आणि अंथरूण यांपासून मीटरभर लांब ठेवा. गाडीत मीटरभर जागा सापडत नाही हे खरं, म्हणूनच झोपताना पंखेवाला हीटर नकोच. तासभर चालल्यावर पिन काढून हात लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला किंवा प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसलं तर सॉकेट ढिला झालाय, तो बदला.

एक गोष्ट फुकटात होते. पुढची काच साधारण दोन चौरस मीटर आणि एकेरी असते. आत-बाहेर १५ अंशांचा फरक असेल तर एकट्या काचेतून १७० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर जाते. हीटर वाढवण्याआधी काचेला बाहेरून जाड चंदेरी आवरण घाला. आतून लावलेल्या आवरणामागे काच आणखी गार पडते आणि त्यावर पाणी साचतं.

खांबापासून गाडीपर्यंतची केबल २५ मीटर, २.५ चौरस मिमी तांब्याची असावी. ती पूर्ण सोडायची. १६ अँपिअर वाहत असताना एवढ्या केबलमध्ये १०० वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. गवतावर पसरली असेल तर कळतही नाही. रिळावर गुंडाळलेली असेल तर शंभर वॅटचा दिवा गोधडीत गुंडाळून ठेवल्यासारखं होतं आणि आतले वेढे वितळून एकमेकांना चिकटतात. उरलेली केबल गाडीखाली मोकळ्या, मोठ्या नागमोडी वळणांत टाका.

तेलाच्या हीटरची एक खोड आहे, आणि तिच्यापायी बरेच चांगले हीटर भंगारात जातात. सहा महिने सर्द गाडीत पडलेला हीटर पहिल्यांदा लावला की गाडीतला आरसीडी, म्हणजे ३० मिलीअँपिअरच्या गळतीला पडणारा स्विच, पडतो. कॉइलभोवती जी पांढरी पूड भरलेली असते ती ओल शोषून घेते आणि करंट नळीच्या धातूत झिरपतो. हीटर चार-पाच दिवस घरात उबदार, कोरड्या जागी ठेवा आणि मग पुन्हा लावून बघा. बऱ्याचदा सुधारतो. नाही सुधारला तर टाकून द्या. आरसीडीला बगल देऊन चालवायचा उद्योग मात्र करू नका.

इन्व्हर्टरवर हीटर चालतो का? चालतो, थोडा वेळ. १००० वॅटच्या लोडला १२ व्होल्टच्या बॅटरीतून ९० अँपिअरच्या वर करंट खेचला जातो. १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे १२८० वॅट-तास: तासाभरात रिकामी. तेवढीच लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरायची असते, शिवाय एवढ्या लोडला तिचा व्होल्टेज बसतो आणि इन्व्हर्टर अर्ध्या तासाच्या आतच बीप करत बंद पडतो. ५०० वॅटवर आठ तास झोपायचं तर ४००० वॅट-तास हवेत. छपरावरचं सोलर हिवाळ्यात त्याच्या जवळपासही जात नाही. खांब नसेल तिथं डिझेल हीटरच बरा: चालू झाल्यावर त्याला १० ते ४० वॅट वीज पुरते, डिझेल तासाला ०.१ ते ०.३ लिटर. आणि झोपेपुरतीच ऊब हवी तर शेकायची रबरी पिशवी. दीड लिटर पाणी उकळायला साधारण १४० वॅट-तास, आणि पाय पहाटेपर्यंत गरम.

इन्व्हर्टर लॅपटॉप, मिक्सर, कॅमेऱ्याचे चार्जर यांसाठी ठेवा. प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा घ्या. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर घुमतो पण सुरू होत नाही. १००० वॅटच्या इन्व्हर्टरला बॅटरीपासून निदान ३५ चौरस मिमीची केबल हवी, लांबी दीड मीटरच्या आत, आणि १२५ ते १५० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी शेजारी, वीतभर अंतरात. जोडताना दोन चुका नेहमी होतात. पहिली: इन्व्हर्टरची वीज गाडीच्या सगळ्या सॉकेटना दिली की बॅटरीचा चार्जरही त्यावरच चालू होतो. बॅटरी स्वतःलाच चार्ज करत बसते आणि रात्रीत रिकामी होते. चार्जरची लाइन वेगळी ठेवा, आणि खांब की इन्व्हर्टर हे ठरवणारा चेंजओव्हर स्विच बसवा. दोन्ही एकाच लाइनवर एकदम आले तर इन्व्हर्टर जळतो. दुसरी चूक दिसत नाही. बऱ्याच इन्व्हर्टरचा न्यूट्रल चॅसीला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेला नसतो, अशा वेळी आरसीडी नुसता शोभेला उरतो. टेस्ट बटणाने तो पडला म्हणजे जोडणी बरोबर आहे असं समजू नका. हे काम वायरमनकडून मोजून घ्या.

आता ओल. झोपलेला माणूस तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी श्वासातून आणि घामातून सोडतो. दोघं आठ तासांत अर्ध्या लिटरच्या वर. गॅसची शेगडी त्याहून वाईट: एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी होतं. हे सगळं काचेवर, कपाटाच्या मागे आणि गादीखालच्या प्लायवर जाऊन बसतं. गादी उचलून बघा. बुरशीची सुरुवात तिथूनच होते, कारण वरून उबदार शरीर आणि खालून गार प्लाय. खाली जाळीचा थर किंवा लाकडी पट्ट्या हव्यातच.

हिवाळ्यात यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय खिडकी. बाहेर ५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली तरी त्या हवेच्या घनमीटरमध्ये पाणी जेमतेम ६ ग्रॅम. तीच हवा आत २० अंशांना तापली की आर्द्रता ३५ टक्क्यांवर येते. म्हणजे धुक्यातली हवा आत घेऊनही गाडी वाळते. छतावरची झडप बोटभर उघडी ठेवायची आणि खाली हीटर मंद चालू. जमिनीलगतचे कायमचे व्हेंट कापड कोंबून बंद करू नका. गळलेला गॅस तिथूनच बाहेर जातो.

तरीही हवेतली ओल काढणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, हवं असेल तर थंडीत कॉम्प्रेसरवाला घेऊ नका. १०-१२ अंशांखाली त्याच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि निम्मा वेळ तो बर्फच वितळवत बसतो. खोक्यावरचा '१० लिटर' हा दिवसभरात काढलेल्या पाण्याचा आकडाही बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचा असतो. थंडीत ओल शोषणाऱ्या झिओलाइटच्या चाकाचा, म्हणजे डेसिकंट प्रकारचा घ्यावा; तो १-२ अंशांपर्यंत काम करतो. वीज ३०० ते ६०० वॅट खातो, पण ती सगळी उष्णता गाडीतच राहते, म्हणजे छोटा हीटर वेगळा लावायची गरज उरत नाही. त्याला टायमरच्या पिनेवर मात्र लावू नका. बंद केल्यावर आतलं तापलेलं चाक गार करायला पंखा काही मिनिटं फिरतो. मधेच वीज तोडली तर आतले भाग भाजतात. २३ वॅटचे छोटे पेल्टिअर (विजेने थेट गार होणाऱ्या चकतीचे) डबे हिवाळ्यात चमचाभर पाणी गोळा करतात. पैसे वाया.

हाच हिशोब कोकणात जुलैमध्ये पुरता उलटतो. २७ अंश आणि ९० टक्के म्हणजे घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम पाणी. खिडकी उघडली की कोरडी हवा नाही, पाऊसच आत येतो. अंगणात उभ्या टेंपो ट्रॅव्हलरवरच्या कॅम्परला खिडक्या घट्ट बंद आणि २०० वॅटच्या आसपासचा कॉम्प्रेसरवालाच हवा, सेटिंग ५५ टक्के. यंत्र उभंच ठेवायचं. प्रवासात आडवं झालं असेल तर काही तास उभं ठेवून मग चालू करायचं. कपाटांची आणि संडासाची दारं उघडी, गाद्या भिंतीला टेकवून उभ्या.

गाडीच्या आत २० घनमीटर हवा धरा. ५५ टक्क्यांवर आणायला त्यातून २०० मिलीसुद्धा पाणी काढावं लागत नाही. पण व्हेंटमधून दोन तासांत एकदा जरी हवा बदलली तरी दिवसाला दोन लिटर नवीन पाणी आत येतं, आणि छोट्या यंत्राची टाकी असते दोन लिटरची. ती भरली की यंत्र गप्प, आणि गणपतीत गाडी उघडाल तेव्हा गादीवर हिरवी बुरशी. टाकी काढून नळी सिंकमध्ये सोडा, सांडपाण्याच्या टाकीची तोटी उघडी ठेवा. आणि विकत घेताना दुकानात एकच करून बघा: यंत्र चालू असताना भिंतीवरचा स्विच बंद करून परत लावा. टच बटणांची काही मॉडेल पुन्हा सुरूच होत नाहीत, आणि कोकणात पावसाळ्यात लाइट दिवसातून चारदा जाते.