घारापुरी, निवांतपणे

आज घारापुरीची लेणी नीट पाहिली. गेटवेवरून सकाळची लाँच धरली, तासाभरात बेटावर. धक्क्यावरची छोटी ट्रेन सोडून चालतच गेलो, मग सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं आणि माकडं, त्यामुळे पिशवी घट्ट धरा.

सदाशिवाची मूर्ती साधारण २० फुटांची, तिच्यापुढे गर्दी असतेच. मी मात्र शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापाशी रेंगाळलो. शिल्पाची बरीच मोडतोड झालीय, पण पार्वतीची किंचित झुकलेली मान पाहा! सहाव्या शतकातल्या त्या कारागिराने काळ्या कातळात नवरीचं लाजणं कोरलंय. डोळ्यांत पाणीच आलं. आणि तिथेच लोक खांबांना टेकून सेल्फी काढतात, हे बघवत नाही.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी ‘एलिफंटा’ नाव दिलं, तो आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. मुलांना दोन्ही दाखवा.

बेटावरच्या गावांत समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली ती थेट २०१८ साली. मुंबई समोर लखलखत असताना! फार वाईट वाटलं.

सोमवारी लेणी बंद असतात, लक्षात ठेवा.