बिल्ड सिस्टीममध्ये फोर्ट्रानचा सपोर्ट घालताना

आमच्या टीमची स्वतःची एक बिल्ड सिस्टीम (सोर्स कोडपासून प्रोग्राम बनवून देणारी व्यवस्था) आहे, पायथनमध्ये लिहिलेली. टार्गेट्सचं, म्हणजे काय काय बनवायचं त्याचं, वर्णन वाचायचं आणि त्यातून निंजासाठी (प्रत्यक्ष कमांड चालवणारं टूल) फाइल्स तयार करून द्यायच्या एवढंच तिचं काम. सी आणि सी प्लस प्लस तिला पहिल्यापासून येतं. सध्या मी तिच्यात फोर्ट्रान घालतोय, कारण आमचा न्यूमेरिकल कोड बराचसा फोर्ट्रानमध्ये आहे आणि तो इतके दिवस वेगळ्या मेकफाइलने (मेक या जुन्या टूलसाठी लिहिलेल्या फाइलने) बिल्ड होऊन तयार लायब्ररी म्हणून आत यायचा, म्हणजे एका बाजूला बदल केला की दुसऱ्या बाजूला काय बिल्ड करायचं हे माणसाने लक्षात ठेवायचं. हे मला मुळीच पटत नव्हतं. बिल्ड सिस्टीमवर विश्वास ठेवता येत नसेल तर लोक प्रत्येक वेळी क्लीन बिल्ड मारतात, म्हणजे सगळं पुसून पहिल्यापासून बनवतात, आणि मग तिचा उपयोग काय राहिला?

नवीन भाषा जोडायची म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यासमोर येतो तो कंपायलर, म्हणजे सोर्सचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. तो शोधायचा, कुठला आहे, कुठली व्हर्जन ते ओळखायचं, ऑप्टिमायझेशन, डीबग, इन्क्लूड पाथ यांचे फ्लॅग (कंपायलरला द्यायचे पर्याय) त्याच्या भाषेत बदलायचे. हे काम कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. ओळखण्याची सीमेक या प्रसिद्ध बिल्ड टूलची एक युक्ती मला फार आवडते: ते एक छोटी सोर्स फाइल कंपाइल करतं, त्यात प्रीप्रोसेसर मॅक्रोच्या जोरावर कंपायलरचं नाव एका स्ट्रिंगमध्ये गुंफलेलं असतं, आणि मग तयार झालेली बायनरी न चालवता नुसती वाचून ती स्ट्रिंग शोधतं. क्रॉस कंपाइल करताना, म्हणजे दुसऱ्याच प्रकारच्या मशीनसाठी कंपाइल करताना, बायनरी आपल्या मशीनवर चालणारच नसते, म्हणून हे वाचून ओळखणं. मी सरळ हीच पद्धत घेतली.

खरा प्रश्न त्याच्या पुढे आहे, तो म्हणजे डिपेंडन्सी, कुठली फाइल कुठल्या फाइलवर अवलंबून आहे ते.

सी मध्ये काय होतं बघा. पहिल्या बिल्डला कुठली फाइल कुठल्या हेडरवर (अनेक फाइल्सनी वापरायच्या घोषणांच्या फाइलवर) अवलंबून आहे हे माहीत नसलं तरी चालतं, कारण हेडर आधीच डिस्कवर असतात, फाइल्स कुठल्याही क्रमाने कंपाइल करा. कंपाइल करता करता जीसीसी हा कंपायलर एक डेपफाइल, म्हणजे वापरलेल्या हेडरची यादी, लिहून देतो, निंजा ती वाचून ठेवतो, आणि पुढच्या वेळी हेडर बदललं की काय काय परत करायचं ते त्याला कळतं. म्हणजे माहिती नंतर मिळाली तरी भागतं (जनरेट केलेली हेडर सोडून, त्यांचा क्रम आधीच सांगावा लागतो). सी साठी लिहिलेल्या बहुतेक बिल्ड सिस्टीमच्या पोटात हेच गृहीत धरलेलं असतं: एक सोर्स फाइल आत, एक ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला तुकडा) बाहेर, बाकीचं मागाहून.

फोर्ट्रान तशी १९५७ सालापासूनची, पण फोर्ट्रान ९० मध्ये मॉड्यूल (इतर फाइल्सनी वापरायचे कोडचे गठ्ठे) आले आणि तिथे हे गृहीतक मोडतं. एका फाइलमध्ये मॉड्यूल लिहिलं की कंपायलर ऑब्जेक्ट फाइलसोबत एक मॉड फाइल पण बनवतो, आणि जी फाइल यूज स्टेटमेंटने ते मॉड्यूल वापरते तिला कंपाइल व्हायच्या आधी ती मॉड फाइल तयार असावीच लागते. नसेल तर कंपायलर तिथेच थांबतो. म्हणजे क्रम आधी कळायला हवा, आणि तो लिहिलाय कुठे, तर सोर्सच्या आत. वर फाइलच्या नावाचा आणि मॉड्यूलच्या नावाचा काही संबंध असेलच असं नाही, एका फाइलमध्ये चार मॉड्यूल पण असू शकतात.

काहीजण क्रम हाताने लिहून ठेवतात, आमच्या जुन्या मेकफाइलमध्ये तेच होतं. मला ते नको होतं, कारण हाताने लिहिलेला क्रम आणि सोर्समधला खरा क्रम आज ना उद्या वेगळे होतात आणि पॅरलल बिल्डमध्ये ते कधी दिसतं कधी दिसत नाही. तर मग स्कॅनर लिहायला हवा. सोर्स वाचायचा, कुठलं मॉड्यूल इथे बनतं आणि कुठली लागतात एवढंच काढायचं. ऐकायला रेगेक्सचं, म्हणजे मजकुरातले नमुने शोधण्याचं, काम वाटतं पण यात खड्डे पुष्कळ आहेत. मॉड्यूल या शब्दाने सुरू होणारी प्रत्येक ओळ मॉड्यूल बनवत नाही, मॉड्यूल प्रोसिजर, मॉड्यूल सबरूटीन, मॉड्यूल फंक्शन ही वेगळीच प्रकरणं आहेत. आयएसओ सी बाइंडिंग सारखे इंट्रिन्सिक मॉड्यूल कंपायलरच्या पोटात असतात, त्यांच्या फाइली शोधत बसायचं नाही. जुन्या फिक्स्ड फॉर्म फाइल्समध्ये पहिल्या कॉलमातलं सी अक्षर म्हणजे कॉमेंट आणि सहाव्या कॉलमात शून्य सोडून काही असलं तर ओळ मागच्या ओळीला जोडायची. एक्स्टेन्शनमधलं एफ कॅपिटल असेल तर फाइल आधी प्रीप्रोसेसरमधून (कंपाइलच्या आधी मजकूर बदलणाऱ्या टप्प्यातून) जाते, म्हणजे यूज स्टेटमेंट इफडेफच्या, म्हणजे अटीवर कोड ठेवणाऱ्या किंवा गाळणाऱ्या खुणेच्या, आत असू शकतं आणि स्कॅनरला बरोबर तेच डिफाइन द्यावे लागतात जे कंपायलरला देणार आहोत. भाषेत लहान मोठ्या अक्षरांचा फरक नाही पण फाइल सिस्टीममध्ये बऱ्याचदा असतो, जीफोर्ट्रान (जीसीसीचा फोर्ट्रान कंपायलर) मॉड फाइलचं नाव लहान अक्षरात लिहितो, पण प्रत्येक कंपायलर तसंच करेल असं नाही.

स्कॅन करून मिळालेली माहिती निंजाला द्यायची कशी? कारण त्याचा ग्राफ (काय कशावर अवलंबून आहे त्याचा नकाशा) बिल्ड सुरू व्हायच्या आधीच ठरलेला असतो आणि स्कॅन तर बिल्डमध्येच होणार. यासाठी निंजामध्ये डिनडेप नावाची सोय आहे, ती २०२० साली १.१० व्हर्जनमध्ये आली, त्याआधी सीमेकवाल्यांना फोर्ट्रानसाठी निंजाचा वेगळा फोर्क (स्वतःची बदललेली प्रत) सांभाळावा लागत होता. डिनडेप म्हणजे असं की बिल्ड चालू असताना एक फाइल तयार होते, त्यात लिहिलेलं असतं की ही ऑब्जेक्ट फाइल बनताना अमुक मॉड फाइल पण बनते आणि तमुक मॉड फाइल तिला आधी लागते, निंजा ती वाचतो आणि चालू ग्राफमध्येच नव्या कडा जोडतो. आमच्याकडे तीन पायऱ्या झाल्या: प्रत्येक फाइलचा स्कॅन पॅरललमध्ये, मग एका टार्गेटचे सगळे स्कॅन एकत्र करून एक डिनडेप फाइल, मग कंपाइल.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मॉड्यूलचा इंटरफेस बदलला नसेल, म्हणजे एखाद्या सबरूटीनच्या आतला हिशोबच फक्त बदलला असेल, तर जीफोर्ट्रान जुनी मॉड फाइल तशीच ठेवतो, टाइमस्टॅम्प पण बदलत नाही. निंजाला हे सांगितलं नाही तर त्याला दिसतं की आउटपुट इनपुटपेक्षा जुनं आहे आणि तो दर वेळी परत कंपाइल करत बसतो. सांगितलं, म्हणजे रिस्टॅट (कमांड संपल्यावर आउटपुट खरंच बदललं का ते परत बघणं) चालू केलं, तर उलट मोठा फायदा होतो: त्या मॉड्यूलवर अवलंबून असलेल्या ढीगभर फाइल्स हात न लावता तशाच राहतात, नुसतं लिंक, म्हणजे ऑब्जेक्ट फाइल्स जोडून प्रोग्राम बनवणं, होतं. तळाच्या मॉड्यूलमध्ये एक ओळ बदलल्यावर अर्धा प्रोजेक्ट परत होणं आणि एकच फाइल होणं हा फरक रोज काम करणाऱ्या माणसाला कळतो. जावासाठी बेझल (आणखी एक बिल्ड सिस्टीम) हेच आयजार नावाचं टूल वापरून करतं, जारमधून (कंपाइल झालेल्या जावा फाइल्सच्या गठ्ठ्यातून) फक्त इंटरफेस काढून घ्यायचा आणि वापरणाऱ्यांना त्याच्यावर अवलंबून ठेवायचं.

लिंकिंगबद्दल थोडक्यात. दोन भाषांच्या ऑब्जेक्ट फाइल्स एकत्र आल्या की लिंक कुठल्या भाषेच्या ड्रायव्हरने (कंपायलरच्या कमांडने) करायचं ते ठरवावं लागतं, कारण प्रत्येकाला आपापली रनटाइम लायब्ररी लागते. सीमेकमध्ये यासाठी भाषांना प्राधान्याचे आकडे दिलेत, सी ला १०, फोर्ट्रानला २०, सी प्लस प्लसला ३०, जो मोठा तो लिंक करतो आणि बाकीच्यांच्या लायब्ररी वरून जोडल्या जातात. आम्ही पण तसंच केलं.

हे सगळं एका जुन्या भाषेसाठी कशाला असं टीममध्येच विचारलं गेलं. पण सी प्लस प्लस २० मध्ये मॉड्यूल आले आणि त्यांचं दुखणं हुबेहूब हेच आहे, आधी स्कॅन करा मग क्रम ठरवा. सीमेकमध्ये त्याचा पक्का सपोर्ट २०२३ च्या शेवटी ३.२८ मध्ये आला आणि त्याच्या खाली हीच डिनडेपची यंत्रणा आहे. जीसीसी १४ पासून कंपायलर स्वतःच ठरलेल्या जेसन फॉरमॅटमध्ये स्कॅनचं उत्तर देतो, म्हणून मी आमच्या फोर्ट्रान स्कॅनरचं आउटपुट पण त्याच धर्तीवर ठेवलंय, पुढे एकत्र करणारा भाग दोघांसाठी एकच राहील. कुठलीही भाषा जोडायची असेल तर मी आता पहिल्यांदा हेच विचारतो की एका कंपाइलमधून कुठल्या फाइल्स निघणार हे आधी सांगता येतं का. स्विफ्ट आख्खं मॉड्यूल एकत्र बघतं, जावामध्ये आतल्या प्रत्येक क्लासची वेगळी क्लास फाइल पडते, ओकॅमलला लिंक करताना सुद्धा क्रम लागतो. फ्लॅगचा तक्ता नंतर भरता येतो.

टेस्ट मी अशा लिहिल्यात: काही न बदलता परत बिल्ड केलं तर काहीच चालायला नको. कॉमेंट बदलली तर एकच फाइल कंपाइल व्हावी. सबरूटीनला नवीन आर्ग्युमेंट दिलं तर वापरणारे सगळे परत व्हावेत. आणि मॉड्यूल सोर्समधून काढून टाकलं तर बिल्ड फेल व्हायलाच हवं. ही शेवटची टेस्ट बरेचजण लिहीत नाहीत आणि नेमकी तीच परिस्थिती धोकादायक आहे, कारण जुनी मॉड फाइल बिल्ड डिरेक्टरीत पडून राहते, वापरणारी फाइल तिच्यावर आनंदाने कंपाइल होते, आणि क्लीन बिल्ड करणाऱ्या दुसऱ्याच कुणाकडे ते फुटतं. म्हणून आमच्याकडे प्रत्येक टार्गेटला स्वतःची मॉड डिरेक्टरी आहे आणि एकत्र करण्याच्या पायरीतच तपासलं जातं: जे मॉड्यूल कुठल्याही स्कॅनमध्ये बनताना दिसलं नाही आणि बाहेरचं म्हणून जाहीर पण केलेलं नाही, त्याचं नाव आणि ते वापरणाऱ्या फाइलचं नाव देऊन तिथेच एरर, कंपायलरपर्यंत जायचंच नाही.