आवाज येऊन रायला, चित्र कुठी हाय?

आज दुपारभर वरुडकडच्या आमच्या शेतकरी गटाच्या वेबसाइटीच्या मागं लागलो होतो. संत्र्याच्या बगीच्याचा व्हिडिओ दादाच्या आयफोनवर झकास चाले, अन् गटाच्या जुन्या कम्प्युटरवर, क्रोममध्ये, नुसता आवाज. चित्र काळं ठिक्कर. "नेट नसन बाप्पा," काका म्हणे. आमच्याकडं काहीही अडलं की दोष नेटचाच! नेट नसतं तर आवाज कुठून आला असता?

गोम फाइलीत होती. आयफोन 'हाय एफिशिएन्सी'वर असला की व्हिडिओ एचईव्हीसी नावाच्या, दाबून लहान केलेल्या प्रकारात साठवते, अन् जुन्या मशीनला तो उलगडत नाही. नाव बदलून एमपी४ केलं तरी आतला माल तोच. हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून एच.२६४ या जुन्या प्रकारात करून काढला, चालला.

मग आयफोनवर आपोआप सुरू होईना. सफारीला, म्हणजे आयफोनच्या ब्राउझरला, 'म्यूटेड' (आवाज बंद) अन् 'प्लेजइनलाइन' (पानातच चालव) दोन्ही कोडात लिहून द्या लागते, मानपान लय.

जुन्या आयपॅडवर फोटोंच्या चौकटी एकमेकींना चिकटलेल्या. फ्लेक्सबॉक्समधला (चौकटी ओळीत मांडायच्या कोडातला) 'गॅप', म्हणजे मधली फट, सफारीला १४.१ पासून, म्हणजे २०२१ पासून कळते. चौकटींना मार्जिन, म्हणजे बाहेरून मोकळी जागा, देऊन मोकळा झालो.

साइट तपासाले फायरफॉक्स ब्राउझर उघडणार तेवढ्यात लाइट गेली. कोणाकडं जुना अँड्रॉइड पडला असन तर उद्या घेऊन या रे, चहा माझ्याकडून.