वाशांची वरची कड

संगमेश्वर तालुक्यातल्या एका जुन्या घराचं छप्पर नव्याने घालायचं काम माझ्याकडे होतं. जांभ्याच्या भिंती शाबूत होत्या, पण वासे वाळवीने पोखरलेले आणि आढ्याला, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाला, मधोमध बाक आलेला. एप्रिल संपता संपता कौलं उतरवली. आता मिरगाच्या आत घर झाकायलाच हवं होतं. अशा वेळी लाकूड साइटवर येऊन पडलं की जीव भांड्यात पडतो. एका सॉ मिलकडे एवढा ऐन आणि किंजळ तयार नव्हता, म्हणून माल दोन मिलमधून उचलला. दोघांनाही साइज एकच सांगितली होती : चार बाय तीन, लांबी बारा फूट.

टेम्पो रिकामा होत असताना आमचे मुख्य सुतार तात्या थप्पीपाशी उभे होते. त्यांनी दोन्ही मिलचा एकेक वासा शेजारी शेजारी उभ्या कडेवर ठेवला, वरून तळहात फिरवला आणि मला हाक मारली, "साहेब, जरा हात लावून बघा." दोन वाशांच्या मधे बोट अडलं. टेप लावली. एक चार इंच एक सूत, दुसरा पावणेचार. आठ सुतांच्या इंचात तीन सुतांचा फरक!

मग सगळाच माल मोजायला घेतला. प्रत्येक वासा दोन्ही टोकांना आणि मधे. काही वासे एका टोकाला भरपूर चार आणि दुसऱ्या टोकाला पावणेचार निघाले. चिरताना ओंडका गाड्यावर घट्ट बसला नाही किंवा बँड सॉचं पातं बोथट झालं, की ते गाठीपाशी वाट सोडतं आणि असा निमुळता माल बाहेर पडतो. दुसऱ्या मिलचा माल तर ओलाच होता. खिळा ठोकला की भोकाच्या कडेला पाणी दिसायचं. ओलं लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ काहीच घटत नाही, घटतं ते रुंदीत आणि जाडीत. त्यातही वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या निम्म्यानेच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. त्यामुळे एकाच ओंडक्याचे, एकाच दिवशी चिरलेले दोन वासेसुद्धा वाळल्यावर एका मापाचे राहत नाहीत.

तीन सुतांसाठी एवढी धावपळ कशाला, असं घरमालक काकूंनी विचारलं. प्रश्न बरोबरच होता, कारण त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी याच घरावर ओबडधोबड वासे होते आणि गळती नव्हती. पण तेव्हा वर नळ्याची कौलं होती. ती एकमेकांवर सैल पडून राहतात, खालचा चढउतार पोटात घेतात. मंगळुरी कौलाचं तसं नाही. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला, तेव्हापासून हे कौल साच्यात दाबून निघतं. त्याच्या कडेची खोबण शेजारच्या कौलात बसावी लागते आणि मागचे दात रिपेवर, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या लाकडी पट्टीवर, टेकावे लागतात. एक वासा खाली आणि शेजारचा तीन सूत वर असला की रिप लाटेसारखी जाते, कौल एका कोपऱ्यावर डुगडुगतं आणि खोबण उघडी पडते. सरळ पडणारा पाऊस तरीही वाहून जातो. पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस मात्र नेमका तिथूनच आत शिरतो.

एका तरुण सुताराने सुचवलं, वासे चढवू या, जिथे कमी पडेल तिथे वरून पट्टी मारू. कितीतरी साइटवर हेच चालतं. तात्यांनी साफ नकार दिला. रिपेचा खिळा आधी पट्टीतून जातो, वाशात जेमतेम टोक उतरतं, आणि लाकूड वाळलं की पट्टी सैल होते. "फरक आहे तो खाली जिरवायचा," ते म्हणाले, "वर दिसता कामा नये." मला हे मनापासून पटलं. वासा बाहेरून किती उंच आहे याच्याशी कौलाला काही देणंघेणं नाही, त्याची वरची कड कुठे येते एवढंच महत्त्वाचं.

त्यांनी प्लायवूडच्या तुकड्याचा फर्मा केला. तो वाशाच्या वरच्या कडेला टेकवायचा, तिथून सव्वातीन इंच खाली खूण करायची आणि खाली जे उरेल ते खाचेत काढून टाकायचं. पावणेचारच्या वाशाला अर्ध्या इंचाची खाच आली, चार इंच एक सुताच्या वाशाला पाऊण इंच एक सूत. भिंतीवरच्या तुळईवर आणि आढ्यावर, दोन्हीकडे हीच खूण. खाच वाशाच्या चौथाईच्या पुढे जाऊ द्यायची नाही, ही माझी अट होती, आणि ती कुठे मोडावी लागली नाही. प्रत्येक वासा खांद्यावर धरून एक डोळा मिटून त्याचा बाक पाहिला जात होता. बाकाची पाठ नेहमी वर, म्हणजे कौलांच्या वजनाने वासा सरळ होतो.

ओल्या मालाचं काय करायचं, हा खरा पेच होता. वाळत ठेवायला महिने लागले असते. खाचेच्या वरचं लाकूड पुढे आणखी सूतभर बसणार हे धरूनच चालायचं होतं. म्हणून सगळे ओले वासे आम्ही मागच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या मागच्या उतारावर, घेतले आणि वाळलेले पुढच्या. ओला-सुका एकाआड एक लागला असता तर दिवाळीपर्यंत रिपा पुन्हा लाटेवर आल्या असत्या. सगळे मिळून खाली बसले तर पाखं सपाटच राहतं. वासे चढल्यावर आढ्याखाली, मधे आणि वळचणीला अशा तीन ठिकाणी दोरी ताणली. पुढच्या पाख्यावर दोरी आणि वासा यांच्या मधे पोस्टकार्डही जाईना. तात्यांनी वळचणीपासून आढ्यापर्यंत कौलांची एक ओळ लावून प्रत्येक कौल बोटाने दाबून पाहिलं. एकही हललं नाही. मगच बाकीच्या रिपा ठोकायला सांगितल्या.

पैशांचा विषय मी दुसऱ्या दिवशी काढला. चार बाय तीन, बारा फूट म्हणजे बरोबर एक घनफूट. पावणेचार बाय पावणेतीन मिळालं तर लाकूड सुमारे १४ टक्के कमी. म्हणजे बिल शंभर घनफुटांचं आणि हाती जेमतेम ८६. मिलवाल्यांचं म्हणणं, पात्यात जातंच की. पात्यात जातं हे खरं, पण तो भुसा ओंडक्याच्या हिशेबातला. चिरलेल्या मालाची मोजणी भुशासकट करणं मला मान्य नाही. काकूंसारखी माणसं आयुष्यात एकदा छप्पर घालतात. टेप लावून बघायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मोजणीची वही पुढे ठेवल्यावर दुसऱ्या मिलने बिल प्रत्यक्ष मापावर केलं आणि निमुळते वासे बदलून दिले.

सप्टेंबरात घर पाहायला गेलो. पुढचं पाखं जसंच्या तसं होतं. मागचं सूतभर बसलं होतं, पण एकसारखं. पाणी कुठेच आलं नव्हतं.

तेव्हापासून मी ऑर्डरच्या चिठ्ठीवर नुसतं चार बाय तीन लिहीत नाही. 'चिरून चार इंच दोन सूत, वरखाली एक सुताच्या आत, बिल टेपच्या मापाने' असं लिहितो आणि सही घेतो. एका मिलने या चिठ्ठीवर माल द्यायला नकार दिला. दुसरी देते, घनफुटामागे थोडा जास्त दर लावून. तो जास्तीचा दर मी घरमालकांना अंदाजपत्रकातच दाखवतो.