निळीच्या भिंतींच्या घरातला मुक्काम

मलेशियातील पेनांग बेटावर, जॉर्ज टाउन शहरातील लीथ स्ट्रीटवर चेओंग फात त्झे या चिनी व्यापाऱ्याचे घर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या वास्तूत आता हॉटेल चालते, आणि मी मुद्दाम तेथेच उतरलो. घर नुसते पाहायचे असेल तर मार्गदर्शकासोबतची फेरी पुरेशी आहे. परंतु ते किती विचारपूर्वक बांधले आहे, हे तेथे राहिल्याशिवाय कळत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

सर्वप्रथम लक्ष वेधतो तो बाहेरच्या भिंतींचा गडद निळा रंग. चुन्यात नीळ कालवून तो तयार करतात, आणि ही नीळ त्या काळी हिंदुस्थानातून पेनांगला येत असे, हे ऐकून मला त्या भिंतींविषयी अचानक आपुलकी वाटू लागली. पेनांगच्या दमट हवेत चुन्याचा हा हात भिंतीतील ओल बाहेर पडू देतो, म्हणून तेथे आधुनिक तैलरंग चालला नसता.

आत ३८ खोल्या, २२० खिडक्या आणि दगडी फरशीचे ५ चौक आहेत. दुपारी जोराचा पाऊस आला, तेव्हा मी मधल्या चौकाच्या कडेला बसून होतो. छपरांवरचे पाणी समोरच कोसळत होते आणि गार हवा थेट खोल्यांपर्यंत पोहोचत होती. फेंगशुईच्या दृष्टीने पाणी म्हणजे संपत्ती, त्यामुळे ते घरात उतरणे शुभ; मला मात्र तो गारवाच अधिक मोलाचा वाटला. छपराच्या कडांवर रंगीत चिनी मातीच्या वाडग्यांचे तुकडे कापून बसवलेली फुले आणि पक्षी आहेत, तर लोखंडी खांब थेट ग्लासगोहून आणलेले आहेत. हा मेळ कोठेही विजोड वाटत नाही, कारण घरमालकाचा स्वतःचा व्यापारही असाच अनेक देशांत पसरलेला होता.

शेवटचा मुलगा हयात असेपर्यंत घर विकू नये, असे चेओंग फात त्झे यांच्या मृत्युपत्रात होते. तो मुलगा वारल्यावर, १९८९ मध्ये, वारसाप्रेमी स्थानिकांनी मोडकळीला आलेली ही वास्तू विकत घेतली आणि पारंपरिक कारागिरीने तिचा जीर्णोद्धार केला. त्या कामाला २००० साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. चुन्याचा हात पुन्हा पुन्हा द्यावा लागतो आणि त्याचा खर्च पाहुण्यांच्या भाड्यातूनही भागतो, त्यामुळे तेथील दर मला मुळीच जास्त वाटला नाही.