एक्केचाळीस फोटो

मी फोटो-टूर नेतो. गेल्या ऑगस्टमध्ये सहा जणांना घेऊन केनियात, मसाई मारात होतो. गुरुवारी सकाळी साडेनऊला मारा नदीच्या काठावर गाडी लावली. पलीकडच्या तीरावर विल्डबीस्टचा, म्हणजे रेड्यासारख्या दिसणाऱ्या हरणांचा, कळप धूळ उडवत उभा. पुढे यायचे, पाण्याला तोंड लावायचे, बिचकून मागे फिरायचे. असं दोन तास चाललं. मग एकाने उडी मारली आणि मागोमाग सगळा लोंढा. जेमतेम वीस मिनिटं. मी अकराशे वेळा बटण दाबलं.

माझ्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला प्रक्रिया न केलेला मूळ फोटो, साधारण ५० एमबीची. म्हणजे ५५ जीबी. कॅम्पवर जनरेटर संध्याकाळी सहा ते दहा, वायफाय फक्त जेवणाच्या तंबूत, आणि अपलोडचा वेग मोजला तर सेकंदाला २ मेगाबिट. हे बिट, बाइट नव्हेत, आठने भागायचं. तासाला फार तर ९०० एमबी, तेही बाकीचे पाहुणे व्हिडिओ कॉलवर नसतील तर. सगळं पाठवायचं तर अडीच दिवस अखंड लागले असते. त्यामुळे बॅकअप म्हणजे खरं तर निवड. काय गेलं तर चालेल, हे रोज रात्री आपणच ठरवायचं. मला ते कधीच नीट जमलेलं नाही. त्या दिवशी एक्केचाळीस निवडले, साधारण दोन जीबी.

साडेसहाला बसलो. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित वाट, जोडलं आणि पुण्यातल्या घरच्या नॅसला, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या खोक्याला, हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा. नाही. वायफायला शिव्या घालून झाल्या, आणि मग आठवलं: गुरुवार! पुण्यात दुरुस्तीसाठी वीज घालवायचा दिवस. यूपीएसने पंधरा-वीस मिनिटं तग धरला असणार आणि मग नॅस बंद. वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग असते. ती मी केलेली नव्हती. लोकांना शिकवतो मात्र.

पुण्यात नऊ वाजले होते. बाबांना फोन केला.

"बाबा, माझ्या खोलीत कपाटाखाली एक काळं खोकं आहे, ते बघता का जरा?"

"ते घरघरणारं? आज दिवसभर गप्प आहे. मला वाटलं तूच तिकडून बंद केलंस."

"त्याच्या पुढे गोल बटण आहे. एकदाच दाबा. धरून ठेवू नका."

वाकताना त्यांचा गुडघा कटकन वाजला, तो मला केनियात ऐकू आला. "दाबलं. निळा दिवा लुकलुकतोय. बीप केलं बघ."

तीन-चार मिनिटांत नॅस जागा झाला. मी आरसिंक हा फाइली पाठवायचा प्रोग्रॅम लावला. त्याचा फायदा हा, की नीट सांगून ठेवलं तर लाइन तुटली तरी अर्धवट राहिलेली फाइल तिथूनच पुढे जाते. त्या रात्री लाइन सात वेळा तुटली. दहाला पाच मिनिटं असताना एक्केचाळिसावी फाइल पोचली आणि दिवे गेले.

शनिवारी परतीचा प्रवास. लॅपटॉप एका बॅगेत आणि हार्ड डिस्क दुसरीत, हा माझा नियम. पण गटातल्या एका काकूंच्या लेन्सला जागा हवी होती, म्हणून दोन्ही एकत्र ठेवलं, वर पाण्याची बाटली. कार्डं आदल्या रात्रीच फॉरमॅट केलेली, कारण "दोन प्रती आहेत की". सेकेनानी गेटपर्यंतच्या त्या रस्त्याला तिथले ड्रायव्हर हसत 'आफ्रिकन मसाज' म्हणतात. मसाजात बाटलीचं झाकण सैल झालं. गेटवर बॅग उचलली तर तळातून पाणी ठिबकत होतं. लॅपटॉप उभा धरला, कीबोर्डातून धार लागली. डिस्क पुसून दोन तासांनी एका सहप्रवाशाच्या लॅपटॉपला जोडली. टक्, टक्, टक्. ज्याने तो आवाज ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको: डिस्क गेली.

"पोले साना," ड्रायव्हर म्हणाला. फार वाईट झालं. आठवडाभर आम्ही त्याला 'पोले पोले', म्हणजे हळू हळू, सांगत होतो, तोच शब्द.

नैरोबीत पोचल्यावर आधी बाबांना फोन केला. त्यांच्या मोबाइलवर नॅसचं ॲप मीच टाकून दिलं होतं.

"आहेत," ते म्हणाले. "एक्केचाळीस. दोनदा मोजले." मग थोडं थांबून, "त्यातला एक रेडा पाण्यातून मागे फिरलाय बघ. तो नंतर गेला का पलीकडे?"

गेला होता. चौथ्या प्रयत्नात, एकटाच. ते फोटो निवडीत घेतले नव्हते.

"गेला, बाबा."

"मग त्याचा फोटो कुठाय?"