खर्ज कुठे गेला?

बाबांचा रेकॉर्ड प्लेअर सत्तरच्या दशकातला. लाकडी पेटी, सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसते तो भाग), आतच छोटा ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायर आणि कापडी जाळीचे दोन सुटे स्पीकर. रामबागेतलं घर सोडून सुदामानगरला आलो तेव्हापासून तो माळ्यावरच होता. या दिवाळीत उतरवला, पुसला, लावला, तर डाव्या स्पीकरमधून चकार शब्द नाही.

आधी मी स्पीकरांची अदलाबदल केली, तीही प्लेअर बंद करून. चालू मशीनवर उघड्या तारा एकमेकींना लागल्या तर आउटपुट ट्रान्झिस्टर क्षणात जातात, आणि त्या काळातले आता शोधत बसावं लागतं. डावा स्पीकर उजव्या सॉकेटात लावला तरी मुकाच. उजवा मात्र डाव्या सॉकेटात छान वाजला. म्हणजे प्लेअर ठणठणीत होता. दोष स्पीकरात नाहीतर त्याच्या वायरीत.

दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या मागच्या टर्मिनलांना क्षणभर टेकवला. खर्र! स्पीकर जिवंत होता. इतका आनंद झाला म्हणून सांगू. मल्टिमीटरवर साडेसहा ओहम आले. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर तेवढाच दिसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मग वायरीच्या दुसऱ्या टोकाला प्लगवर मोजलं, तर मीटर हलेचना. प्लगचं टोपण उघडलं. पितळेचं भांडं कळकावं तसा पिनांवर हिरवा थर, आणि आत तारेचा नुसता भुगा.

हा प्लग दोन पिनांचा असतो, एक चपटी आणि एक गोल. महाराणी रोडवर तीन दुकानांत ‘अब ये कौन माँगता है, दीदी’ एवढंच ऐकलं. चौथ्या ठिकाणी एका वयस्कर मेकॅनिकनी पत्र्याच्या डब्यातून एक शोधून दिला. घरी येऊन वायरीची टोकं तांबं लखलखेपर्यंत ब्लेडने खरवडली, सोल्डर नीट धरावं म्हणून रोझिन लावलं आणि सोल्डर केली. वायरीचे दोन्ही पदर एकाच तपकिरी रंगाचे होते. कुठला कुठे होता ते पाहून न ठेवताच मी जुना प्लग कापून टाकला होता. म्हणून अंदाजाने जोडले.

संध्याकाळी गायक अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारी या रागांची एलपी लावली. आमच्या इंदूरचेच खाँसाहेब, त्यामुळे पहिला मान त्यांचा. दोन्ही स्पीकर वाजत होते. बाबा मिनिटभर डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, “अगं, खर्ज कुठे गेला?”

खरंच, मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला तो भरदार आवाज पोकळ झाला होता. खाँसाहेब समोर बसून गातायत असं वाटायचं, ते आता कुठूनच गात नव्हते. कव्हरवर ईएएलपी लिहिलेलं, म्हणजे रेकॉर्ड मोनो (स्टीरिओवर ईएएसडी असतं). मोनोत दोन्ही स्पीकरना एकच आवाज जातो. एकाची जोडणी उलटी असली की एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघे एकमेकांना खोडतात. मार सर्वांत जास्त खालच्या स्वरांना बसतो. १०० हर्ट्झच्या स्वराची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब, आणि आमचे स्पीकर जेमतेम दीड मीटरवर, म्हणून अशा लांब लाटा एकमेकींना जवळजवळ पुऱ्या खोडतात.

जाळ्या हलक्या हाताने काढल्या आणि सेल पुन्हा घेतला. गोल पिनेला प्लस, चपटीला मायनस. उजव्याचा कागदी पडदा टिचकी मारल्यासारखा पुढे आला. डाव्याचा आत गेला. मग वायरीवरून नख फिरवलं तेव्हा एका पदरावर बारीक उभी धार लागली. उजव्याच्या प्लगमध्ये धारेचा पदर गोल पिनेला होता, मी जोडलेल्यात चपटीला. एवढी खूण कारखान्यातूनच दिलेली, आणि मी ती बोटाने कधी चाचपलीच नव्हती.

पदर बदलले, दहा मिनिटांचं काम. गोल पिनेशेजारी दोन्ही प्लगांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, पुन्हा काढायची वेळ आली तर असू दे.

सुई ठेवली. खाँसाहेब दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध, शोकेसच्या जागी येऊन बसले. बाबा काही बोलले नाहीत. मारवा संपल्यावर उठून त्यांनी स्वतःच रेकॉर्ड उलटली आणि दरबारी लावला.